आगीची वर्दी

‘वर्दी’ हा शब्द खेड्यापाड्यांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. गावात काही अघटित घडले म्हणजे पोलीसपाटील ठाण्यावर वर्दी देतो. मुंबईच्या बंबखान्यातही हाच शब्द चालतो. आगीची खबर आली म्हणजे ‘वर्दी आली’ असे तेथली माणसे म्हणतात. खबर आणि वर्दी यांत थोडा फरक आहे बरे का. खबर नुसती ऐकली तरी चालते. वर्दी आली की कोणाला तरी अंथरुणातून उठून धावावेच लागते.

ह्या वर्दीचा इतिहास आज सांगावयाचा आहे, आणि तोही मुख्यतः लष्करी ठाण्यांतला. कोणी म्हणेल, आम्हा शेतकऱ्यांना आणि मास्तरांना लष्कराच्या घंटांशी काय करावयाचे? तर त्याचे कारण असे की आगीचे सगळे प्रश्न लष्करी ठाण्यात एकाच जागी गोळा झालेले असतात. तेथे दारूगोळा असतो, पेट्रोल असते, कापडाचे व लाकडाचे ढीग असतात, आणि बराकींतून शेकडो माणसे झोपलेली असतात. शिवाय सगळे तटाच्या किंवा तारेच्या आत. बाहेरच्याला आत काय पेटले ते दिसत नाही, आणि आतल्याला बाहेरून मदत बोलवावयाची तर दहा परवानग्या. म्हणून तेथे आगीची वर्दी कशी देतात, ती वेळेवर पोचते की नाही, हे पाहिले म्हणजे इतर ठिकाणांचे निदान आपोआप होते.

आपल्याकडची लष्करी ठाणी म्हणजे पूर्वी गडकोट. त्यांच्या बाबतीत ह्या गोष्टीचा विचार कोणी केला होता काय? केला होता, आणि फार बारकाईने केला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले ‘आज्ञापत्र’ इसवी सन १७१६ च्या सुमाराचे. शिक्षकबंधूंनी ते वाचले असेलच. राज्यनीतीचा ग्रंथ म्हणून आपण त्याची थोरवी गातो, पण त्यातले दुर्गांचे प्रकरण म्हणजे अगदी व्यवहाराची वही आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ किंवा घरांवरून येणाऱ्या वाऱ्याखाली असू नये, असे अमात्य सांगतात. घरातल्या चुलीची ठिणगी वाऱ्याने कोठे जाईल, ह्याचा विचार त्यामागे आहे. सदरेपासून अंतर राखून जागा बांधावी, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण घालावे, आत तळघर करावे, असा सगळा तपशील ते देतात.

परंतु मला विशेष वाटते ते पुढचे. दर आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू, बाण वगैरे जिन्नस बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे, आणि पुन्हा आत ठेवून मोहोर करावी. दारूखान्याला राखणदार असावेत, त्यांनी रात्रंदिवस पाहाऱ्याप्रमाणे जागे राहावे, परवानगीवाचून कोणालाही आसपास फिरकू देऊ नये. आता बघा, ह्यात यंत्र एकही नाही. पण जागा कशी असावी, देखभाल किती दिवसांनी करावी, ती कोणी करावी, आणि मधल्या काळात जागे कोणी राहावे, ह्या चारही गोष्टी नेमून दिल्या आहेत. ‘कोणीतरी अधूनमधून पाहावे’ असे मोघम नाही. ‘हवालदाराने, आठपंधरा दिवसांनी’ असे स्पष्ट आहे. आजच्या लष्करी नियमांची जाडजूड बाडे उघडली तरी गाभा हाच निघतो.

दारू उडाली म्हणजे काय होते हे त्या काळच्या लोकांना सांगावे लागत नव्हते. १८१८ च्या जूनमध्ये इंग्रजांनी मालेगावच्या भुईकोटाला वेढा घातला होता. तोफांच्या माऱ्यात आतले दारूकोठार उडाले, तटाचा भाग कोसळला, आणि त्यानंतर किल्ला फार दिवस टिकला नाही. अर्थात ती शत्रूने लावलेली आग. आपल्या विषयाला जवळची आग आपल्याच हातून, शांतपणे, धुमसत लागते.

माणसाच्या डोळ्यांवर आणि घशावर चालणारी वर्दी किती दूर जाणार? शिंग फुंकले, नगारा वाजवला, तरी ऐकणाऱ्याला एवढेच कळते की काहीतरी झाले आहे. कोठे झाले आहे ते कळत नाही. युरोपातल्या शहरांतूनही मनोऱ्यावर पहारेकरी बसवीत आणि ज्वाळा दिसल्या की घंटा वाजवीत. ज्वाळा बाहेर दिसल्या म्हणजे आत काय उरले असेल ते सांगावयास नको.

ह्या अडचणीवरचा तोडगा तारायंत्राने दिला. अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम चॅनिंग नावाचे एक डॉक्टर होते आणि मोझेस फार्मर नावाचे एक यंत्रज्ञ होते. त्या दोघांनी मिळून १८५२ साली रस्त्यारस्त्यावर लोखंडी पेट्या बसवल्या आणि त्या तारेने मध्यवर्ती कचेरीला जोडल्या. पेटीतला दांडा फिरवला की त्या पेटीचा क्रमांक ठोक्यांच्या रूपाने कचेरीत उमटे. आता ‘कोठे’ ह्या प्रश्नाचे उत्तर क्षणात मिळू लागले. पुढे हीच पद्धत गोद्या, कारखाने, कोठारे आणि लष्करी ठाणी यांत गेली. काच फोडून आतले बटण दाबावयाचे, ही तिचीच धाकटी बहीण.

ह्या पद्धतीतली एक युक्ती समजून घेण्यासारखी आहे. साध्या विजेच्या घंटेत एरवी प्रवाह नसतो. बटण दाबले की प्रवाह वाहतो आणि घंटा वाजते. पण तार मध्येच उंदराने कुरतडली असेल तर? बटण दाबूनही घंटा वाजणार नाही, आणि तार तुटल्याचे आगीच्या दिवशीच कळेल. म्हणून आगीच्या तारांत थोडासा प्रवाह सदैव वाहता ठेवतात. तो थांबला की कचेरीत खूण होते. रात्रीचा गस्तवाला तासातासाला आरोळी देतो, आणि ती ऐकू आली नाही की आपण दचकून जागे होतो, तसेच हे. गप्प बसणे हीच तेथे वर्दी.

पण पेटी फक्त ‘कोठे’ हे सांगते. ‘काय’ पेटले आहे, हे ती सांगू शकत नाही. ह्या उणिवेची किंमत ज्या शहराने मोजली ते दूरचे नाही. ते आपली मुंबई.

१४ एप्रिल १९४४. दुसरे महायुद्ध चालू होते आणि मुंबईची गोदी म्हणजे त्या वेळी लष्कराचे मोठे थोरले ठाणेच झाले होते. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे सात हजार टनांचे जहाज दोन दिवसांपूर्वी, १२ तारखेला, येऊन लागले होते. ते फेब्रुवारीत इंग्लंडातील बर्कनहेडहून निघाले आणि कराचीमार्गे मुंबईस आले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. त्याखेरीज लढाऊ विमाने आणि पेट्यांत बंद केलेल्या सोन्याच्या विटा. कराचीला जी जागा रिकामी झाली तीत कापसाच्या गाठी भरल्या, शिवाय तेलाची पिंपे, लाकूड, गंधक, राळ, मासळीचे खत. खानदेशातल्या आणि वऱ्हाडातल्या श्रोत्यांना मी काय सांगू? कापसाची गाठ एकदा आतून धुमसू लागली म्हणजे वरून घागरी ओतल्या तरी विझत नाही, हे जिनिंगच्या आवारात ज्याने पाहिले असेल त्याला ठाऊक आहे. तो कापूस आणि ती स्फोटके एकाच जहाजात, आणि एकाच कोठ्यात खालीवर.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला शेजारच्या जहाजांवरील काही लोकांना फोर्ट स्टिकिनमधून धुराची बारीक रेघ निघताना दिसली. त्यांनी ती पाहिली आणि ते आपापल्या कामाला लागले. ज्या जहाजाचा धूर त्या जहाजावरचेच लोक ओरडत नाहीत, तर आपण कशाला, असे त्यांना वाटले असावे. सुट्टी संपवून गोदी कामगार दुसऱ्या क्रमांकाच्या कोठ्यात उतरले तेव्हा दोन वाजायला आले होते. तेव्हा कोठे आरडाओरडा झाला आणि जहाजावरच्या माणसांनी पाण्याचे नळ सोडले.

आता वर्दीची हकीगत ऐका. दारूगोळ्याच्या जहाजाला आग लागली आहे, मोठी कुमक पाठवा, असा टेलिफोन बंबखान्याच्या मुख्य कचेरीला करावयाचा होता. टेलिफोन करावयास माणूस धावला. टेलिफोन काही लागेना. तेव्हा त्या बिचाऱ्याने जे हाताशी होते ते केले. आगीच्या सूचनेची काच फोडली. कचेरीत वर्दी पोचली; गोदीत अमुक ठिकाणी आग, एवढीच. साध्या वर्दीला जेवढे बंब पाठवावयाचे तेवढे, म्हणजे दोन, निघाले. जहाजात काय भरले आहे हे कळल्यावर मागाहून आणखी बंब आले, पण हाताशी असलेला वेळ त्यात गेला. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने काच फोडली हे योग्यच केले. पण त्याच्या तोंडातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द काचेच्या पेटीला पुढे पोचवता येत नव्हता.

आणखी एक वर्दी होती, तीही दिली गेली नव्हती. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने तांबडे निशाण लावावे असा दंडक आहे. हे निशाण म्हणजे वर्दीच. आग लागण्यापूर्वी दिलेली. युद्धाच्या धामधुमीत ती चाल सुटली होती, आणि फोर्ट स्टिकिनवर निशाण नव्हते. त्यामुळे गोदीत शेजारी उभ्या असलेल्या जहाजांना आपल्या कुशीत काय येऊन बसले आहे याचा पत्ता नव्हता.

पुढचे दोन तास म्हणजे अधिकाऱ्यांच्या मतभेदांचे. दारूगोळा खात्याचे कॅप्टन ओबर्स्ट यांनी जहाजातील मालाची यादी पाहिली आणि जहाज बुडवावे, नाहीतर गोदीच गमावण्याचा प्रसंग आहे, असे बजावले. पण धक्क्यापाशी पाणी इतके खोल नव्हते की जहाज पुरते बुडावे. ते ओढून बाहेर न्यावे म्हटले तर त्याची यंत्रे दुरुस्तीसाठी खोललेली. कप्तान नेस्मिथ, बंबाचे मुख्य अधिकारी, गोदीचे अधिकारी, लष्कराचे अधिकारी, असे सगळे हजर. पण शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेले नव्हते. बंबवाले मात्र कोणाच्या शब्दाची वाट न पाहता पाणी ओतत होते. सुमारे ९०० टन पाणी त्यांनी जहाजात ओतले. त्या पाण्यावर जळता कापूस तरंगत वर, स्फोटकांकडे सरकत गेला असावा. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा.

हादरा इतका होता की दूरवरच्या सिमल्याच्या वेधशाळेत भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. गोदीतली आणखी सत्तावीस जहाजे बुडाली किंवा मोडली. जळत्या गाठी आकाशातून मांडवी व मस्जिद बंदराच्या वस्तीवर पडल्या. सोन्याची एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घराचे छप्पर फोडून आत आली. त्यांनी ती सरकारजमा केली. सरकारी आकड्यांप्रमाणे मृतांची संख्या ७४० च्या आसपास आणि जखमी १,८०० च्या आसपास. खरा आकडा याहून पुष्कळ मोठा असला पाहिजे असे मानले जाते. आणि जे बंबवाले नळी हातात धरून उभे होते त्यांतले ६६ गेले. १४ एप्रिल हा दिवस सबंध भारतात अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, तो त्यांच्यासाठी. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. पाच लाख टन ढिगारा उपसून गोदी पुन्हा चालू करायला आठ हजार माणसे सात महिने राबत होती.

आपण रेडिओवर बोलत आहोत म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. ह्या स्फोटाची सविस्तर बातमी जगाला पहिल्यांदा ऐकू आली ती मुंबईच्या रेडिओवरून नव्हे. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी दिली. आपल्याकडील वार्ताहरांना ती बाहेर पाठवण्याची मोकळीक मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडल्यावर मिळाली.

सरकारने चौकशी समिती नेमली. तिने काढलेले दोष असे: कापूस आणि स्फोटके एकत्र भरली, तांबडे निशाण लावले नाही, स्फोटके उतरवायला उशीर केला, आग दाबण्यासाठी कोठ्यात वाफ सोडावयाची सोय वापरली नाही, आणि बंबाला वर्दी उशिरा दिली. आग कशाने लागली? घातपाताची भाषा त्या वेळी पुष्कळ झाली, पण समितीचा रोख निष्काळजीपणाकडे, कोठ्यात कोणी ओढलेल्या विडीसिगारेटकडे होता.

असो. माणसाला धूर दिसून तो बोलेपर्यंत थांबावयाचे नसेल, तर यंत्रानेच धूर ओळखला पाहिजे. हा विचार जुना आहे. १८९० साली, एडिसनचे सहकारी राहिलेले फ्रान्सिस अप्टन यांनी आपोआप चालणाऱ्या विजेच्या अग्निसूचकाचे पेटंट घेतले. १९०२ साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज डार्बी यांनी उष्णता ओळखणारे यंत्र केले. अशा आरंभीच्या यंत्रांपैकी एकात दोन पट्ट्यांमध्ये लोण्याचा गोळा ठेवीत असे सांगतात! खोली तापली की लोणी वितळे, वरची पट्टी खालच्या पट्टीला टेके, आणि घंटा वाजे. मांजराचा बंदोबस्त कसा करीत ते मात्र कोठे लिहिलेले नाही.

धूर ओळखण्याची युक्ती लढाईच्या भीतीतून निघाली, तीही चुकून. १९३० नंतरच्या दशकात वॉल्टर येगर नावाचे एक स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र करू पाहत होते. पहिल्या महायुद्धातील विषारी वायूंची धास्ती अजून ताजी होती. यंत्र काही केल्या वायूला दाद देईना. वैतागून त्यांनी सिगारेट पेटवली, आणि पाहतात तो यंत्राचा काटा हलला. वायू न कळणाऱ्या यंत्राला धूर कळत होता. ह्याच वाटेने पुढे धूरशोधक तयार झाला. सुरुवातीला तो इतका महाग होता की मोठे कारखाने आणि सरकारी इमारतींनाच परवडे. घराघरांत बसवण्याजोगा, बॅटरीवर चालणारा शोधक त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला.

यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटला असे आपल्याला वाटते. खरा प्रश्न तेथून सुरू होतो. धूरशोधकाच्या आत धूळ बसते, कोळी जाळे विणतो, आणि त्याला वाटते धूर आला. मग आग नसताना घंटा वाजते. पहिल्या दिवशी सगळे धावतात, दुसऱ्या दिवशी निम्मे धावतात, आणि आठवड्याने कोणीतरी शहाणा घंटेची तार काढून ठेवतो. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण दुसरीतल्या मुलांना सांगतो, आणि आपल्या कचेऱ्यांतून तिचाच प्रयोग करतो. मी ज्या एका महाविद्यालयात पूर्वी शिकवीत होतो, तेथल्या प्रयोगशाळेबाहेर वाळूच्या तांबड्या बादल्या टांगलेल्या होत्या. त्यांत वाळू थोडी, पानाच्या पिचकाऱ्या आणि खडूचे तुकडेच जास्त. तपासणीच्या आदल्या दिवशी बादल्यांना रंग मात्र नेमाने लागे.

लष्करी ठाण्यात ही देखभाल आणखी अवघड. एका ठाण्यात शेसव्वाशे वर्षांपूर्वीची बराक असते, तिच्या शेजारी महायुद्धातली पत्र्याची शेड असते, आणि पलीकडे कालपरवाची काचेची इमारत. प्रत्येकीतली यंत्रणा त्या त्या काळची. एकीची तार दुसरीच्या पेटीशी बोलत नाही. जुन्या यंत्रणेचे सुटे भाग मिळत नाहीत आणि ती जाणणारा माणूस निवृत्त झालेला असतो. म्हणून केव्हातरी सगळी यंत्रणा बदलावी लागते. ठाण्याच्या सगळ्या इमारतींच्या वर्द्या एका मध्यवर्ती खोलीत याव्यात, तारेने नाही आल्या तर बिनतारी याव्यात, आणि कोणत्या इमारतीच्या कोणत्या खोलीतली वर्दी आहे ते अक्षरांत लिहून यावे, अशी सोय आता करता येते. दारूगोळ्याच्या कोठारात तर त्याहून जपावे लागते. तेथे विजेची वाटेल ती तार नेता येत नाही. वर्दी द्यायला बसवलेल्या तारेनेच ठिणगी टाकली तर काय करावयाचे?

बदलाच्या त्या काळातच सगळ्यांत मोठा धोका. जुनी काढली आहे, नवी चालू झालेली नाही, आणि मध्ये चार महिने गेले! म्हणून जाणती माणसे नवी यंत्रणा खोलीखोलीतून धूर सोडून, घंटा वाजवून, पुरती तपासल्याखेरीज जुनीला हात लावीत नाहीत. आणि लावावाच लागला तर त्या इमारतीत माणूस फिरता ठेवतात. अमेरिकेतील एका प्रमुख सुरक्षा-नियमावलीत म्हटले आहे की आगीची सूचना देणारी यंत्रणा चोवीस तासांत चार तासांहून अधिक बंद राहणार असेल तर एकतर इमारत रिकामी करा, नाहीतर पहारेकरी नेमा. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी अमात्यांनी दारूखान्यावर रात्रंदिवस जागा ठेवलेला तो राखणदार अजून कामावर आहे.

देखभाल चुकली की काय होते ह्याचे दाखले शोधायला दूर जावे लागत नाही. २८ एप्रिल २००० रोजी राजस्थानातील भरतपूरच्या दारूगोळा कोठाराला आग लागली. ऐन उन्हाळा, आणि आवारातले गवत कापलेले नव्हते. गवत कापण्याचा खर्च वाचला आणि शेकडो कोटी रुपयांचा दारूगोळा जळाला. बांधावरचे गवत चैत्रात का काढावे हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, त्याला ह्यात नवीन काही नाही.

मग आपल्या वर्धा जिल्ह्यातले पुलगाव. तेथील दारूगोळा कोठार देशातल्या सर्वांत मोठ्या कोठारांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर, एकच्या सुमाराला, रणगाडाविरोधी सुरुंग ठेवलेल्या एका शेडला आग लागली. कोठाराचे अग्निशामक कर्मचारी, जवान आणि अधिकारी आगीकडे धावले, आणि स्फोट झाला. दोन अधिकाऱ्यांसह किमान सोळा माणसे गेली. त्यांत अग्निशामक कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा. आगरगाव आणि आसपासच्या गावांतले लोक लेकरांना घेऊन रात्रीच घराबाहेर पडले. सदोष सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत होते, असे लष्कराच्या चौकशीतून पुढे आले. दारू बाहेर काढून पाहावी, तिला ऊन द्यावे, ह्या जुन्या आज्ञेतला हेतू येथे आठवतो. माल बिघडला आहे की नाही हे आग लागण्याआधी कळावे, हाच तो हेतू. महालेखापरीक्षकांनी २०१५ व २०१७ च्या अहवालांत दारूगोळा कोठारांच्या अग्निशमन व्यवस्थेतील उणिवांकडे लक्ष वेधले होते. मुंबईत ६६ आणि पुलगावी ही माणसे. दोन्ही ठिकाणी वर्दी ऐकून पुढे गेलेलेच मेले.

हे फक्त आपल्याच देशात होते असे समजण्याचे कारण नाही. पैसा आणि यंत्रे यांची ज्यांच्याकडे वाण नाही, त्या अमेरिकेच्या आरमाराचे सॅन दिएगो हे ठाणे घ्या. तेथे १२ जुलै २०२० रोजी, रविवारी सकाळी, ‘बॉनम रिचर्ड’ ह्या मोठ्या युद्धनौकेला आग लागली. नौका दुरुस्तीसाठी उभी होती. सुमारे पंचवीस कोटी डॉलरांचे काम चालले होते. सकाळी आठ वाजून गेल्यावर एका खलाशाला खालच्या मजल्यावर धुक्यासारखे पांढुरके काहीतरी दिसले. धुराचा वास आला नाही म्हणून ती व्यक्ती कोणाला काही न सांगता निघून गेली. फोर्ट स्टिकिनशेजारच्या जहाजांवरील लोक आठवतात ना? आग लागल्याचे कळल्यावरही जहाजावर घोषणा व्हायला सुमारे दहा मिनिटे गेली.

पुढे चौकशीचा अहवाल आला, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. दुरुस्तीच्या काळात नौकेवरची उष्णता ओळखणारी यंत्रणा, संदेशाची साधने, आग विझवण्याची साधने, सगळ्यांची अवस्था खालावली होती. पाण्याच्या नळ्या बसवण्याच्या जागांपैकी शंभरात सत्त्याऐंशी निकामी होत्या. फेस सोडून आग दाबण्याची यंत्रणा होती, ती एक बटण दाबून चालू करता आली असती. ते बटण कोणी दाबलेच नाही. यंत्रणेची देखभाल नीट झालेली नव्हती, आणि ते बटण कोठे आहे, कशाचे आहे, हे तेथल्या पुष्कळांना माहीत नव्हते. आरमाराची माणसे आणि बाहेरून आलेले बंबवाले यांचे बिनतारी संच एकमेकांशी जुळत नव्हते. १९४४ साली टेलिफोन लागला नव्हता, २०२० साली बिनतारी संच जुळले नाहीत. एका तरुण खलाशावर आग लावल्याचा खटला भरला, पण २०२२ साली लष्करी न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले.

नौका चार दिवसांहून अधिक जळत होती. साठांहून अधिक माणसे जखमी झाली. सुदैवाने कोणी दगावले नाही. दुरुस्त करण्याजोगे फार थोडे उरले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये आरमाराने ती सेवेतून काढली, ओढत टेक्सासच्या किनाऱ्याकडे नेली, आणि छत्तीस लाख साठ हजार डॉलरांना भंगारात विकली.